आयआरक्यू १६ आणि उगाच बदललेल्या तीन डिस्क

आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाइन, काम झालं की डिव्हाइस सीपीयूला हाक मारतं ती बेल. मशीन अगदी साधं होतं, बॅकअपसाठी ठेवलेलं, डेस्कटॉपचाच मदरबोर्ड, त्यावर लिनक्स. ऑनबोर्ड सॅटावर सिस्टिमची डिस्क आणि दोन डेटाच्या, पोर्ट कमी पडले म्हणून एका पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉटमध्ये दोन पोर्टचं सॅटा कार्ड, त्यावर आणखी दोन डिस्क एमडी रेड १ करून, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा. शिवाय एक जुनं १०० मेगाबिटवालं पीसीआय नेटवर्क कार्ड, कारण दुसरं एक जुनं यंत्र थेट केबलने जोडलेलं होतं आणि ते रात्री आपला डेटा ह्या मशीनवर ओतायचं. हे नेटवर्क कार्ड लक्षात ठेवा, मी पाच आठवडे ठेवलं नव्हतं.

रोज रात्री फाइली कॉपी करणारं आरसिंक चालायचं, पाऊण तासात संपायचं. एका सकाळी बघतो तर अजून चालूच. लोड ॲव्हरेज १४, सीपीयू मात्र रिकामा, टॉपमध्ये वेटचा आकडा भरलेला आणि बऱ्याच प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत, लटकलेल्या. डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट लावलं तर रेडच्या दोन्ही डिस्क १०० टक्के बिझी आणि काम बघावं तर सेकंदाला मूठभर रिक्वेस्ट. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, उघडून एटीए आणि पुढे आकडा (डिस्कच्या पोर्टचं नाव), एरर, फेल, टाइमआउट असं सगळं ग्रेप करून शोधलं. काहीच नाही, एक ओळ नाही. म्हटलं ठीक आहे, डिस्क आतल्या आत रीट्राय मारत असेल, मरायला टेकलेल्या डिस्क असंच करतात. मशीन बंद केलं, केबल बदलली (केबल सगळ्यात आधी बदलावी ही सवय, आणि ती वाईट नाही), चालू केलं, वेग परत जागेवर. केबलच होती म्हणून जुनी टाकून दिली.

चार दिवसांनी परत तेच. ह्यावेळी एक डिस्क बदलली, रेड रीबिल्ड केलं, सहा दिवस छान चाललं. मग परत, दुसरी डिस्क बदलली. मग नव्यापैकीच एक परत बदलली कारण स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, १९९ नंबरच्या ॲट्रिब्यूटला, म्हणजे सीआरसी एररच्या मोजणीला, ३ दिसले. ते ३ दुसऱ्याच कुठल्या मशीनमधले जुने होते आणि वाढतही नव्हते, पण बुडत्याला काडीचा आधार. मग सॅटा कार्डच बदललं, तसंच दुसरं लावलं, तर नऊ दिवस चाललं! नऊ दिवसांनंतर परत पडलं तेव्हा पॉवर सप्लायही बदलून झाला. आमच्यातला एक जण रोज म्हणायचा, "अरे कंट्रोलरच भंगार आहे, चांगलं घे एखादं," आणि मला पटतही होतं.

आता मागे वळून बघताना जे लगेच दिसतं ते तेव्हा अजिबात दिसलं नव्हतं. केबल बदलायची तर मशीन बंद करावं लागतं, डिस्क बदलायला बंद, कार्ड बदलायला बंद. म्हणजे मी सहा वेळा सहा वेगवेगळे उपाय केले असं मला वाटत होतं आणि खरं तर सहाही वेळा एकच उपाय केला होता, रीबूट. गुण त्याचा, श्रेय केबलला. आणि मधले दिवस चार, सहा, नऊ असे कमीजास्त असल्यामुळे प्रत्येक वेळी "ह्यावेळी नक्की" असं वाटायला जागाही होती.

सुटलं ते नाइलाजाने. एका रात्री मशीन पुन्हा लंगडायला लागलं आणि नेमकं त्याच वेळी ऑनबोर्ड डिस्कवरून कोणाचं तरी मोठं रिस्टोअर चालू होतं, ते मध्ये तोडता येणार नव्हतं. बंद करता येत नाही म्हटल्यावर आजारी मशीन आजारी असतानाच तपासावं लागलं, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पहिलं काम, कॅश टाळून थेट डिस्क वाचायची. डीडी ह्या कॉपी करणाऱ्या कमांडला ४ किलोबाइटचे १०० ब्लॉक, इनपुट फ्लॅग डायरेक्ट, आउटपुट डेव्ह नलला, म्हणजे फेकून द्यायला. म्हणजे १०० छोट्या रिक्वेस्ट, एक पुरी झाल्याशिवाय दुसरी जात नाही. उत्तर आलं ४,०९,६०० बाइट, १०.३ सेकंद, ४० केबी प्रति सेकंद. परत मारलं, १०.२. रेडमधली दुसरी डिस्क घेतली, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वयाची, तिलाही १०.३. ऑनबोर्ड डिस्कवर तेच केलं तर एंटर दाबून बोट उचलेपर्यंत संपलं.

इथे माझी ट्यूब पेटली, अर्धी का होईना. दोन वेगळ्या डिस्क एकाच आकड्यावर आजारी पडत नाहीत. आणि १०० रिक्वेस्टना १० सेकंद म्हणजे एकेका रिक्वेस्टला १०० मिलिसेकंद, सेकंदाला बरोबर दहा. डिस्क बिघडते तेव्हा आकडे वेडेवाकडे येतात, एक रीड ८ मिलिसेकंदात तर दुसरा ३ सेकंदात. असा गोल गरगरीत आकडा आला की समजायचं कुठेतरी सॉफ्टवेअरमधला टायमर बोलतोय.

मग दुसऱ्या टर्मिनलवर प्रोक इंटरप्ट्स फाइल वॉचला लावली आणि डीडी परत सोडलं. ह्या फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्ट लाइनची एक ओळ असते, कुठल्या सीपीयूवर किती वेळा वाजली त्याची मोजणी आणि शेवटी त्या लाइनवर कोण कोण बसलंय त्यांची नावं. १६ नंबरच्या ओळीच्या शेवटी तीन नावं, यूएसबीचा ईएचसीआय ड्रायव्हर, सॅटा_सिल२४ म्हणजे माझं सॅटा कार्ड, आणि ते जुनं नेटवर्क कार्ड. आणि ओळीतला आकडा हलत नव्हता. डिस्कवरून डेटा येतोय, हळू का होईना पण येतोय, आणि तिच्या इंटरप्टची मोजणी गोठलेली. बाकीच्या ओळी धावतायत, १६ मढं.

जर्नलसीटीएलला फक्त कर्नलचे मेसेज आणि फक्त आत्ताचा बूट एवढं सांगून ह्यावेळी ग्रेप न करता, स्क्रोल करत, डोळ्यांनी वाचत गेलो. चार दिवसांपूर्वीच्या रात्रीचे २ वाजून १७ मिनिटं. तिथे होतं:

आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड

खाली भलामोठा कॉल ट्रेस, प्रोसेसचं नाव स्वॅपर, मग हँडलर्स म्हणून तीन फंक्शनची नावं, आणि शेवटची ओळ:

डिसेबलिंग आयआरक्यू #१६

ह्या अख्ख्या मेसेजमध्ये एरर हा शब्द नाही, फेल नाही, टाइमआउट नाही, एटीएपुढे आकडा नाही. माझं ग्रेप त्याला चाळणीतून पाणी जावं तसं जाऊ देत होतं, पाच आठवडे. शब्द लावण्यापेक्षा मेसेजच्या लेव्हलवर गाळलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडला असता, कारण कर्नल हा मेसेज एरर लेव्हलवरच टाकतं, फक्त तो शब्द त्यात लिहीत नाही. आणि चार दिवसांपूर्वीचा म्हणजे तो पडला तेव्हापासूनच मशीन लंगडत होतं, फक्त आधीच्या रात्रींना काम कमी असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता हे नक्की काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढची तपासणी कळणार नाही. जुन्या पद्धतीच्या पीसीआय इंटरप्टला ए, बी, सी, डी अशा चारच लाइन, त्या बोर्डावरून फिरून आयओ-एपिकच्या, म्हणजे इंटरप्ट गोळा करणाऱ्या कंट्रोलरच्या, पिनांवर येतात. साध्या डेस्कटॉप बोर्डवर आयओ-एपिकला २४ पिना, त्यातल्या पहिल्या १६ जुन्या आयएसए काळातल्या कामांना, पीसीआयच्या वाट्याला १६ ते २३. डिव्हाइस जास्त, पिना कमी, म्हणून एकाच बेलवर चार बिऱ्हाडं. बेल वाजली की कर्नल त्या लाइनवरच्या सगळ्या ड्रायव्हरना एकामागून एक उठवतं, बाबा तुझं आहे का, आणि प्रत्येक ड्रायव्हर आपल्या चिपचं रजिस्टर बघून हो माझं होतं किंवा नाही असं सांगतो. शेअर करण्यात काहीच गैर नाही, हे असंच चालावं म्हणून बनवलंय आणि वर्षानुवर्षं चालतंच. इंटरनेटवर कोणी "आयआरक्यू शेअर होतोय हाच प्रॉब्लेम" म्हणाला की मला आता हसू येतं.

गडबड कुठे होते, तर ही बेल लेव्हलवाली असते. बटण दाबून ठेवलंय तोवर वाजतच राहणार. एखाद्याने बटण दाबलं आणि ते अडकलं तर कर्नल सगळ्यांना विचारतं, सगळे नाही म्हणतात, कर्नल परत येतं तर बेल वाजतेच आहे, परत विचारतं, परत नाही. सीपीयू ह्याच्यातच गुंतून मशीन गोठू नये म्हणून कर्नलमध्ये एक हिशोब ठेवलाय. प्रत्येक एक लाख इंटरप्टमागे बघायचं, त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच आपले म्हटले नसतील तर लाइनच तोडायची. एक लाख ऐकायला खूप वाटतात पण अडकलेली बेल तेवढे सेकंदाच्या आत वाजवते. नोबडी केअर्ड म्हणजे हेच.

लाइन तोडली की तिच्यावरच्या बाकी बिऱ्हाडांचं काय, तर कर्नल अगदीच निर्दयी नाही. तोडलेल्या लाइनींसाठी एक टायमर चालू होतो आणि दर सेकंदाला दहा वेळा तो स्वतःच दारं वाजवत फिरतो, काही काम आहे का म्हणून. डिस्कने रीड दोन मिलिसेकंदात पुरा केला तरी ते सांगायला बेल नाही, टायमर दारात येईपर्यंत बसून राहायचं. हेच माझे १०० मिलिसेकंद. आणि हे दारावर जाऊन विचारणं इंटरप्टच्या मोजणीत धरलं जात नाही, म्हणून आकडा गोठलेला दिसतो.

मोठ्या सलग वाचनाला ह्याचा फटका त्या मानाने कमी बसतो, कारण एनसीक्यूमुळे, म्हणजे डिस्कला अनेक कमांड एकदम देता येतात त्यामुळे, एका फेरीत बऱ्याच कमांड एकदम पुऱ्या होतात. छोट्या छोट्या फाइली, मेटाडेटा, एफसिंक, जर्नल कमिट, ह्यांचं मात्र पार कंबरडं मोडतं. आरसिंक म्हणजे तेच सगळं. म्हणूनच नुसतं एचडीपार्म लावून, म्हणजे सलग वाचनाचा वेग मोजून, तपासलं तर "हळू आहे खरी पण चालतेय" एवढंच कळायचं आणि मी परत डिस्ककडे बघायचो.

इथे एक गोष्ट आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात मशीनला मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड लावून बसलो होतो तेव्हा टाइप केलेली अक्षरं बोटांच्या मागे मागे, धक्के खात येत होती. मी कीबोर्ड जुना झालाय म्हणून दुसरा आणला. यूएसबीचा कंट्रोलर त्याच १६ वर बसलेला, कीबोर्ड बिचारा डिस्कसारखाच टायमरची वाट बघत होता. नेटवर्क कार्डाच्या पलीकडच्या यंत्राला पिंग मारलं तर एरवी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतलं उत्तर आता कधी ७, कधी ६०, कधी ९५ मिलिसेकंदांनी. तीन बिऱ्हाडं, तिघांची एकच रड, आणि मी फक्त डिस्कचं ऐकत बसलो होतो कारण मेलवर तक्रार तिचीच यायची.

आता लाइन कोणी अडकवली. हँडलर्सच्या यादीत तीन नावं आहेत म्हणून तिघांतला एक चोर असं लोक धरतात, पण ती यादी फक्त कोणाकोणाला विचारलं त्याची आहे. ज्याचा ड्रायव्हर लोडच नाही असं एखादं चौथं डिव्हाइसही बेल दाबून बसलेलं असू शकतं, त्याचं नाव त्यात येणारच नाही.

आधी एक प्रयोग केला जो मला तेव्हा अंदाजाने सुचला आणि नंतर कर्नलचा कोड वाचल्यावर का चालला ते कळलं. नेटवर्क कार्डाचा इंटरफेस डाउन केला, परत अप केला. त्याबरोबर डीडी परत पहिल्यासारखं, १०० रीड डोळ्याची पापणी लवेपर्यंत, १६ ची मोजणी धावायला लागली. रीबूट नाही, डिस्कला हात नाही, सॅटा कार्डाला हात नाही. कारण असं की शेअर लाइनवर एखादा ड्रायव्हर नव्याने येऊन बसला की कर्नल तोडलेल्या लाइनला आणखी एक संधी देतं, आणि ह्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये इंटरफेस अप करताना इंटरप्टची मागणी नव्याने होते. सुटकेचा मार्ग म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, रात्री दोनला मशीन बंद न करता सकाळपर्यंत ढकलता येतं. रिस्टोअरही निवांत पार पडलं.

मग एलएसपीसीआय, म्हणजे पीसीआय डिव्हाइसची यादी देणारी कमांड, दोन व्ही देऊन. ह्यात प्रत्येक डिव्हाइसच्या स्टेटसच्या ओळीत आयएनटीएक्सपुढे अधिक किंवा उणे दिसतं, अधिक म्हणजे ते डिव्हाइस ह्या क्षणी बेल दाबून आहे. पीसीआयच्या २.३ स्पेकपासून हा बिट आहे, त्याआधीच्या कार्डांवर त्याचा भरवसा नाही. लाइन तुटलेली असताना हे एकदाच बघून चालत नाही कारण काम असलेलं डिव्हाइस टायमर येईपर्यंत अधिकच दाखवणार, म्हणून कामं थांबवून चारपाच वेळा बघायचं, कोणाचं अधिक जातच नाही ते. पुढच्या वेळी लाइन तुटली तेव्हा मी बघितलं, माझ्याकडे तिघांचंही उणे. म्हणजे आता कोणीच बटण दाबून नव्हतं, तरी त्या रात्री लाखभर वेळा बेल वाजली होती. मग संशय बटणावरून वायरीवर गेला.

वायर कुठली, तर बोर्डावर जो जुना पीसीआय स्लॉट होता तो चिपसेटमधून थेट आलेला नव्हता. चिपसेटमध्ये जुनं पीसीआय उरलंच नव्हतं, म्हणून बोर्डवाल्यांनी एक छोटी ब्रिज चिप टाकून पीसीआय एक्सप्रेसचं पीसीआय करून दिलं होतं. एलएसपीसीआयला टीचा पर्याय दिला की झाडासारखं चित्र येतं, त्यात हे लगेच दिसतं, माझं नेटवर्क कार्ड त्या ब्रिजच्या फांदीला एकटंच लटकलेलं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये खरी इंटरप्टची वायर नसते, लाइन दाबली असा एक मेसेज जातो आणि सोडली असा दुसरा मेसेज जातो. ब्रिजने दाबलीचा मेसेज पाठवला आणि सोडलीचा खाल्ला तर वरच्या बाजूला ती लाइन दाबलेलीच दिसत राहणार, कार्डाने कधीच सोडलेली असली तरी. कार्डाकडून पुढचा इंटरप्ट येऊन जाईपर्यंत ते तसंच. चिप कोणाची ते इथे लिहीत नाही, एका बोर्डावरच्या अनुभवावर कोणाला बदनाम करायचं नाही.

अंदाज छान होता पण सहा वेळा छान अंदाज करून झालेले होते, त्यामुळे ह्यावेळी सिद्ध करायचं ठरवलं, आणि नऊ दिवस वाट बघायची तयारी नव्हती. नेटवर्क कार्डावर पलीकडून पिंगचा फ्लड सोडला, डिस्कवर काहीच काम नाही. ४० मिनिटांत नोबडी केअर्ड. परत केलं, सव्वा तास लागला, पण आलंच. मग मशीन बंद करून सॅटा कार्ड काढूनच टाकलं, नेटवर्क कार्ड तसंच, फ्लड चालू. तासाभरात परत तोच मेसेज, हँडलर्समध्ये आता दोनच नावं. सॅटा कार्ड मशीनमध्ये नसताना गुन्हा घडला म्हणजे ते निर्दोष. मग उलटं, सॅटा कार्ड आत, नेटवर्क कार्ड बाहेर, डिस्कवर तीन दिवस सलग जितका मारा करता येईल तितका केला. १६ ची मोजणी कोटींमध्ये गेली, मेसेज एकही नाही. नेटवर्क कार्ड स्वतःही खराब नव्हतं बरं का, दुसऱ्या एका जुन्या बोर्डावर, जिथे पीसीआय थेट चिपसेटमधून येतं, तिथे तेच कार्ड फ्लड खात दोन दिवस सुखाने चाललं.

आता उपाय. मेसेजमध्येच कर्नल सुचवतं की आयआरक्यूपोल देऊन बूट करून बघा, आणि लोक ते ग्रबच्या, म्हणजे बूटलोडरच्या, ओळीत टाकून मोकळे होतात आणि कायमचं विसरतात. त्याने कर्नल प्रत्येक टायमर टिकला सगळ्या हँडलरना विचारत बसतं. निदान म्हणून एकदा लावून बघायला हरकत नाही, पण रोजच्या मशीनवर हे औषध म्हणजे दुखण्यापेक्षा इलाज भयंकर. ह्याच ओळीत जाता जाता, प्रोकमधली सीएमडीलाइन फाइल सगळ्यात आधी वाचा, कोणीतरी तीन वर्षांपूर्वी कुठूनतरी कॉपी केलेला पीसीआय=नोएमएसआय किंवा नोएपिक तिथे पडलेला असतो आणि सगळी डिव्हाइस विनाकारण शेअर लाइनवर येऊन बसलेली असतात.

स्लॉट बदलणं हा जुना जाणता उपाय, आणि तो चालतो, कारण प्रत्येक स्लॉटला त्या चार लाइन एकेक घर सरकवून जोडलेल्या असतात. सॅटा कार्ड शेजारच्या एक्स१ मध्ये टाकलं तर ते १७ वर गेलं. डिस्क वाचल्या. यूएसबी आणि नेटवर्क मात्र १६ वरच राहिले आणि चार दिवसांनी १६ परत तुटली, फक्त ह्यावेळी बॅकअपला काही झालं नाही. सुटकेपेक्षा ही बदली झाली.

मला जास्त आवडलेला उपाय एमएसआयचा. ही कल्पना पीसीआयच्या २.२ स्पेकमध्ये, १९९८ साली आली, ह्यात बेलच नाही, डिव्हाइस एका ठरलेल्या पत्त्यावर मेमरी राइट करतं आणि तोच इंटरप्ट. प्रत्येकाचा इंटरप्ट वेगळा, शेअरिंगचा विषयच मिटला, आणि सोडली म्हणून दुसरा मेसेज पाठवायची भानगड नाही. एएचसीआयवाले सॅटा कंट्रोलर जमेल तिथे हे आपोआप वापरतात, म्हणून माझ्या ऑनबोर्ड डिस्क पाचही आठवडे मजेत होत्या. सॅटा_सिल२४ मध्ये मात्र ते बाय डिफॉल्ट बंद असतं, मॉड्यूलला एमएसआय=१ असा पर्याय द्यावा लागतो. एलएसपीसीआयमध्ये एमएसआयची कॅपॅबिलिटी दिसते आणि पुढे इनेबल उणे, तेव्हा समजायचं की कार्डाला येतंय पण कोणी वापरत नाहीये.

मॉडप्रोबच्या डायरेक्टरीत एक ओळीची फाइल टाकली, रीबूट केलं, आणि काहीही बदललं नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. मॉड्यूल रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायच्या आधीच, इनिटरॅमएफएसमधून, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टिममधून, लोड होत होतं, आणि त्या आतल्या कॉपीत माझी नवी फाइल नव्हतीच. इनिटरॅमएफएस नव्याने बांधलं, परत बूट केलं, लॉगमध्ये "यूजिंग एमएसआय" अशी ओळ आली आणि प्रोक इंटरप्ट्समध्ये सॅटा कार्ड १६ वरून उठून खाली स्वतःच्या ओळीत, पीसीआय-एमएसआय म्हणून जाऊन बसलं.

आणि शेवटी मूळ कारण, ते जुनं नेटवर्क कार्ड काढलं, पीसीआय एक्सप्रेसवालं लावलं, ब्रिजच्या मागे आता काहीच नाही. नुसतं कार्ड बदललं असतं तरी भागलं असतं, एमएसआय चालू ठेवलं कारण बंद करायला कारण नव्हतं.

असल्या लंगडण्यात आणि खऱ्याखुऱ्या केबल किंवा डिस्कच्या दुखण्यात फरक कसा ओळखायचा असं नंतर एकाने विचारलं. केबल खराब असते तेव्हा लिबएटीए, म्हणजे कर्नलमधला सॅटाचा भाग, गप्प बसत नाही, एक्सेप्शन ईमास्क वगैरे ओळ येते, त्यात एसएररचा, म्हणजे लिंकवरच्या एररचा, आकडा शून्य नसतो, खाली बॅडसीआरसीसारखे शब्द, मग हार्ड रीसेटिंग लिंक, आणि फारच झालं तर लिंकचा वेग उतरवून १.५ जीबीपीएस केल्याची ओळ. स्मार्टमधला १९९ वाढत जातो. डिस्कचा पृष्ठभाग जातो तेव्हा स्मार्टमधले ५ आणि १९७ (बदललेले आणि संशयित सेक्टर) वाढतात आणि रीड एररमध्ये सेक्टरचा नंबर येतो. आणि इंटरप्ट हरवून विचारायलाही कोणी आलं नाही तर कमांड ३० सेकंद, म्हणजे स्कझी लेयरचा डिफॉल्ट टाइमआउट, वाट बघते आणि मग टाइमआउट म्हणून फ्रोझन होते, पण तेव्हा एसएरर शून्य असतो. एसएरर शून्य, डिस्क धडधाकट, आणि एकाच कंट्रोलरवरच्या दोन डिस्क एकदम रडतायत, असं दिसलं की पहिला हात स्क्रूड्रायव्हरला लावायचा नाही, प्रोक इंटरप्ट्स उघडायचं.

काढलेल्या तिन्ही डिस्क नंतर लाँग टेस्ट लावून तपासल्या, तिन्ही स्वच्छ. दोघींवर मी पर्मनंट मार्करने "खराब" लिहून ठेवलं होतं, ते काही निघत नाही, तशाच दुसऱ्या मशीनमध्ये चालतायत आणि केस उघडणारा प्रत्येक जण एकदा विचारतो.

आता सगळ्या मशीनवर दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालते. कर्नलच्या लॉगमध्ये नोबडी केअर्ड किंवा डिसेबलिंग आयआरक्यू आलं की मेल करते, आणि प्रोकमधल्या आयआरक्यू डायरेक्टरीत प्रत्येक नंबराखाली स्पुरियस नावाची फाइल असते तिच्यातला अनहँडल्डचा, म्हणजे कोणीच आपले न म्हटलेल्या इंटरप्टचा, आकडा नोंदवून ठेवते. त्या फाइलकडे मी इतकी वर्षं कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मेल मागच्या महिन्यात एकदा आला, वेगळ्याच मशीनवरून, आयआरक्यू १८ साठी. हँडलर्समध्ये एकच नाव होतं, एसएमबसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या सेन्सरसारख्या छोट्या चिपांशी बोलणाऱ्या बसच्या, ड्रायव्हरचं. डिस्क त्या लाइनवर नव्हत्याच, तरी रात्री उठून बघितलं.